बूच नसलेल्या बाटल्या

शुक्रवार

"माळा काढतोय. तुझ्या कामाचं काय असलं तर येऊन बघ, न्हाईतर सोमवारी भंगारवाला येणार हाय."

मामाचा फोन एवढाच. मी जुन्या बाटल्या जमवते हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याचा अर्थ मात्र प्रत्येकानं आपापल्या परीनं लावलेला. पुण्याच्या एका चुलतभावानं तर मला दोन वर्षं फक्त रिकाम्या विदेशी बाटल्या आणून दिल्या, त्याही मोठ्या प्रेमानं.

पहाटेची एसटी धरली आणि अकराच्या सुमाराला कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले. मामाचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. या घरात वस्तू टिकायचा नियम एकच: वर ठेवलेलं राहतं, खाली ठेवलेलं नदी घेऊन जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. धोक्याची पातळी तिथं ४३ फुटांची आहे. मामाच्या सोप्यात तेव्हा छातीएवढं पाणी होतं. आजोबांची लाकडी पेटी, जमाखर्चाच्या वह्या, आजीच्या लग्नातला फोटो, सगळ्याचा चिखल झाला. २०२१ मध्ये उरलंसुरलं गेलं. माळ्यावरचं मात्र सगळं जागच्या जागी, धुळीसकट.

"मी चहा टाकतो, तू आधी हातपाय धू," मामी म्हणाली. कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. आई पुण्यात येऊन चाळीस वर्षं झाली, पण या स्टँडवर उतरली की तिचं 'मी येते' पहिल्या रिक्षातच 'मी येतो' होतं.

दुपारी शिडी लावली. मामा वर, मी खाली, मध्ये मामीचं जुनं लुगडं झोळीसारखं धरलेलं. एकतीस बाटल्या निघाल्या. बुचं एकालाही नव्हती, ती उंदरांनी कधीच संपवलेली. तांबूस तपकिरी औषधाच्या शिश्या, दोन शाईच्या दौती, अमृतांजनच्या दोन बुटक्या बाटल्या, एक गर्द निळी, रॉकेलचा वास अजून न सोडणारी एक लांबोडी, आणि अगदी मागं, गोणपाटात गुंडाळलेल्या तीन गोटी सोड्याच्या.

जुनी बाटली हातात आली की मी आधी तिची शिवण बघते. साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा जोड काचेवर बारीक रेघ ठेवून जातो. ती रेघ गळ्यापाशी थांबली असेल तर तोंड नंतर हातानं केलेलं. थेट ओठावरून पार गेली असेल तर बाटली सगळी यंत्रावरची. बाटल्या करणारं पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं, म्हणून तिकडचे संग्राहक या रेघेवरून झटकन काळ सांगतात. आपल्याकडं तो हिशेब चालत नाही. इथं फुंकून बाटल्या करणारे कारागीर यंत्रं आल्यानंतरही कित्येक वर्षं काम करत राहिले. रेघ थांबली म्हणजे बाटली शंभर वर्षांची, असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्याकडून ती विकत घेऊ नये.

रंगाचंही तसंच. फिकट हिरवट निळी झाक ही मुद्दाम दिलेली नसते, वाळूतल्या लोखंडामुळं ती आपोआप येते. तपकिरी मात्र हेतूनं केलेली, उजेडानं औषध बिघडू नये म्हणून.

गोटी सोड्याच्या बाटल्या बघून मामा शिडीवरच बसला. त्याचे थोरले काका गंगावेशीत सोड्याची गाडी लावायचे. "बाटली उलटी करून भरायची बघ. आत वायू सोडला की गोटी आपसूक गळ्याशी येऊन बसती. वर रबराची चकती असती, तिला आतनं दाबून धरती. फोडताना अंगठ्यानं हाणायची. फट्!" त्यानं तोंडानं आवाज काढला. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. विलायतेत ती केव्हाच मोडीत निघाली, आपल्याकडं काही गाड्यांवर आजही लिंबू सोडा तिच्यात मिळतो. गळ्याला एका बाजूला जे दोन खळगे असतात ते शोभेचे नव्हेत. ओतताना बाटली त्या बाजूनं कलती केली की गोटी खळग्यात अडकते आणि धार मोकळी राहते. चुकीच्या बाजूनं कलती केली तर गोटी परत तोंडाशी. मामा लहानपणी गिऱ्हाइकांची ही फजिती बघत उभा राहायचा म्हणे.

तीनपैकी एका बाटलीचा गळा फोडलेला आणि आतली गोटी गायब.

"ती मीच," मामा म्हणाला. "गोटीसाठी. लई मार खाल्ला होता."

बाटल्या ओळीनं मांडल्यावर एका चपट्या औषधाच्या शिशीवर कागदाची पट्टी दिसली, पिवळी पडलेली, एका कडेला दाते असलेली. ज्यांनी दवाखान्यातलं मिश्चर प्यायलंय त्यांना सांगायला नको. बाटली घरून न्यायची. कंपाउंडर मोठ्या बरणीतून लाल औषध ओतायचा, कागदाची घडी घालून कात्रीनं कातरायचा आणि उलगडलेली पट्टी डिंकानं बाटलीला लावायचा. एक दाता म्हणजे एक डोस. पेशंटला वाचता येवो न येवो, दाते मोजता यायचेच. या पट्टीला सहा दाते होते. आत वाळलेल्या औषधाचं वर्तुळ खालून दुसऱ्या दात्याशी थांबलेलं.

चार डोस घेतले, दोन राहिले.

"कुणाची रे ही?"

मामानं बाटली उजेडाकडं धरली, बराच वेळ. "आईनं ठेवलीया म्हंजे कुणाची तरी असंल," एवढं बोलून तो वर चढला.

शनिवार

सकाळी घाटावर गेले. नदी पार खाली होती, पायऱ्यांवर म्हशी धुणं चाललेलं. तिथून ब्रह्मपुरीची टेकडी अगदी जवळ. टेकडी म्हणून कुणी मुद्दाम बघायला यावं असं तिथं काही नाही. घरं आहेत, चढाचे बोळ आहेत आणि वाळत घातलेले कपडे. पण कोल्हापूरचा सगळ्यात जुना पत्ता हाच. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या, सातवाहनांच्या काळातल्या विटांच्या घरांचं गाव जमिनीखालून वर आलं. त्याच्याही आधी इथं तांब्या-काशाच्या वस्तूंचा एक साठा सापडला होता. काही भांडी, काही मूर्ती, आणि त्यातल्या काही थेट भूमध्य समुद्राकडच्या.

मला या टेकडीबद्दल प्रेम वाटतं त्याचं कारण घरगुती आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही शहाण्या माणसांनी घर बांधायला नदीकाठचा उंचवटाच निवडला. आमच्या पणजोबांनी मात्र खालची जागा घेतली.

तिथून चालत टाऊन हॉलला. १८७२ ते ७६ या काळात बांधलेली ही इमारत मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदानं आखलेली. उतरती छपरं, टोकदार मनोरे, भोवती बाग, आवारात तोफा. ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तू ठेवायला १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि १९४९ मध्ये ते इथं आलं. शनिवारची सकाळ, आत मी, एक शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील. मुलाला तलवारी बघायच्या होत्या.

मी पॉसायडनपाशी गेले. ग्रीकांचा हा समुद्रदेव वीतभरही उंच नाही. काशाचा, अंगावर कपडा नाही, दाढी आणि केस मात्र कुणी तासभर बसून विंचरावेत तसे. लिसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या घडणीवरून रोमन काळात अशा छोट्या मूर्ती करत. हा त्यातलाच एक. कुठल्या तरी बंदरात उतरला असेल, सामानाबरोबर बैलाच्या पाठीवर सह्याद्रीचा घाट चढला असेल आणि पंचगंगेच्या काठी कुणाच्या तरी घरी येऊन राहिला असेल. त्या घरच्या माणसानं त्याला देव म्हणून पुजलं की शोभेची वस्तू म्हणून कोनाड्यात ठेवलं? घरातल्या म्हातारीनं 'हा कुठला उघडाबंब आणलास' म्हणून डोळे वटारले असतील, एवढी माझी खात्री आहे.

मुलाचे वडील मागं येऊन उभे राहिले. "हे कशाचं हो?"

"समुद्राचा देव. ग्रीक."

"कोल्हापुरात?" ते म्हणाले. थोडं वाकून बघितलं. "म्हंजे तवापासनं बाहेरचा माल येतोय म्हणा की."

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

सातवाहनांच्या काळातली इथली शिशाची नाणी मला मूर्तींपेक्षा जास्त आवडतात. काळपट, ओबडधोबड, त्यांवर बाण लावलेलं धनुष्य आणि कडेनं ब्राह्मी अक्षरं: 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस'. वासिष्ठीचा मुलगा विळिवायकुर, त्या राजाचं. कोल्हापूरच्या परिसरात सत्ता असलेला हा माणूस आपल्या शाळेच्या पुस्तकात येत नाही. राजानं नाण्यावर स्वतःच्या नावाआधी आईचं नाव घालावं हेही पुन्हा पुन्हा बघावंसं. आणि धातू शिसं! सोनं नाही, चांदी नाही. रोजच्या बाजारहाटाचं नाणं. भाजी घेऊन कुणी तरी हे मोजून दिलेलं असणार.

मी खरं तर काच बघायला आले होते. ब्रह्मपुरीच्या वरच्या, बहामनी काळातल्या थरात काचेच्या बांगड्यांचे तुकडे मोठ्या संख्येनं मिळाले. उत्खनन करणारे दीक्षित पुढं मणी आणि काच यांचेच मोठे अभ्यासक झाले. ते तुकडे हाताळता हाताळताच त्यांना हा नाद लागला असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं. बांगडी फुटली की ती उकिरड्यावर जाते, कुणी वितळवून दागिना करत नाही, वारसाहक्कात मागत नाही. म्हणून ती राहते. सोन्याची पाटली चारशे वर्षांत चारदा आटवली जाते.

निघताना आबालाल रहिमान यांची चित्रं बघितली. त्यांनी रंगवलेला पाण्याकाठचा उजेड बघत मी अर्धा तास बाकावर बसून होते. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा या माणसानं दुःखानं आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. या गावात पाण्याला काय काय मिळालंय!

बाहेर रस्त्यापलीकडं सीपीआर. पूर्वीचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तीही मँट यांचीच इमारत. कुणी तरी घरून आणलेली बाटली हातात धरून तिथं औषधाच्या रांगेत उभं आहे, असं चित्र उगीच डोळ्यांसमोर आलं. आमची शिशी तिथली असेलच असं नाही. पेठेतल्या कुठल्याही डॉक्टरची असू शकते.

रविवार

सकाळी मिसळ. कुठली ते सांगत नाही, सांगितलं की कोल्हापूरकर भांडतात.

मग लक्ष्मीपुरी. रविवारचा बाजार भरलेला, कांद्याचे ढीग, गूळ, गाडग्यांच्या उतरंडी. मामाच्या ओळखीचा एक जुन्या वस्तूंचा दुकानदार आहे. त्याच्या दुकानात उभं राहायलाही जागा नाही, पितळी समया, ग्रामोफोनचे कर्णे आणि चिनी मातीच्या बरण्या यांच्यामधून कडेकडेनं सरकावं लागतं.

"बाटल्या हायत की. शूटिंगवाले न्हेत्यात भाड्यानं."

त्यानं पाच काढल्या. दोन मी लगेच परत दिल्या. जुन्या बाटलीच्या बुडाला वर्षानुवर्षं फळीवर सरकून सरकून वेडेवाकडे, कमीजास्त खोलीचे ओरखडे पडलेले असतात. या दोघींच्या बुडांना एकसारखा खरखरीतपणा होता, पॉलिश पेपर फिरवल्यासारखा. दुकानदार हसला. "तुमास्नी कळतंय म्हणा की," म्हणाला आणि त्या दोन्ही पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा फळीवर ठेवल्या.

मी घेतला तो कंदील. काच नाही, पत्रा गंजलेला, पण बुडाशी बोट फिरवल्यावर अक्षरं लागत होती: प्रभाकर. माझ्या आजीच्या तोंडी कंदील हा शब्दच नव्हता, 'प्रभाकर लाव गं' असं ती म्हणायची. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी १९१६ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आधारावर काचेचा कारखाना काढला, तिथला हा कंदील. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायचा अशी ती अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, लोकमान्य टिळकांनी उचलून धरलेली. म्हणजे एके काळी आपल्याकडं साधी कंदिलाची काच घेणं हेही राजकारण होतं. ओगल्यांचा कारखाना बंद होऊन कित्येक वर्षं झाली. कराडच्या रेल्वे स्टेशनवर उतरलात तर तुम्ही ओगलेवाडीतच उतरता.

दुकानदारानं आठशे सांगितले. मामानं दोनशे सांगून मला शरमेनं बरण्यांकडं बघायला लावलं. साडेतीनशेला तुटलं.

दुपारी न्यू पॅलेस. १८७७ ते ८४ मधलं हे काळ्या दगडाचं बांधकामही मँट यांचंच. आतलं शहाजी छत्रपती म्युझियम बघायला रविवारची झुंबड होती. हत्यारं, पालख्या, पेंढा भरलेले वाघ. रांग पुढं ढकलत होती, मी ढकलली गेले. आवडलं नाही असं नव्हे, पण डोक्यात सातवाहनांचं शिसं होतं आणि पिशवीत कंदील.

संध्याकाळी माझ्या हातून गाढवपणा झाला. बाटल्या धुवायच्या होत्या. आधी रात्रभर पाण्यात ठेवायच्या, मग मूठभर तांदूळ आणि चिंचेचं पाणी आत घालून हलवायच्या, ही माझी नेहमीची रीत. या वेळी घाई केली. हौदाच्या गार पाण्यातून काढलेल्या दौतीत बंबातलं कढत पाणी ओतलं. टक् असा आवाज झाला आणि खांद्यापासून बुडापर्यंत तडा. जाड काचेचा आतला भाग तापून फुगतो, बाहेरचा गारच राहतो, मध्ये ती फाटते. हे मला पाठ आहे, दहा जणांना मी सांगितलंय. तीन महापूर वाचलेली दौत मी पाच सेकंदांत फोडली.

मामी म्हणाली, "जाऊ दे, बाटलीच हाय." तिनं तुकडे कागदात गुंडाळले आणि त्यावर पेनानं 'काच' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, कचरा उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. मागं एका गावात, एका छोट्या संग्रहालयात, कपाटभर सुंदर शिश्यांपुढं 'जुन्या बाटल्या' एवढीच चिठ्ठी बघून मी चिडले होते. मामीचं लेबल त्याहून उपयोगाचं.

सोमवार

सकाळी मामानं स्कूटरवरून कणेरी मठावर नेलं. सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय मी पहिल्यांदाच बघितलं. सिमेंटच्या माणसांचं अख्खं गाव आहे तिथं: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, नांगर धरलेला शेतकरी, ओसरीवर गप्पा हाणणारे म्हातारे. कामं इतकी हुबेहूब की एका पुतळ्याला मामानं "सरका जरा" म्हटलं (नंतर तो मान्य करत नाही). मी बाटली शोधत फिरले. मला दिसली नाही, आणि ते ठीकच आहे, कारण ते गाव स्वयंपूर्ण आहे, बाहेरचा माल यायच्या आधीचं. मला स्वतःला रॉकेलची बाटली दोरीला बांधून दुकानात जाणारं पोर उभं केलेलं आवडलं असतं.

घरी आलो तर भंगारवाला हजर. त्यानं माळ्यावरचा पत्रा घेतला, मोडका स्टोव्ह घेतला, सायकलची चाकं घेतली, तराजूला टांगून सगळं मोजलं. मी बाटल्यांचं खोकं घट्ट धरून उभी. चार दिवस याच क्षणाची धास्ती होती.

त्यानं खोक्यात डोकावून बघितलं. "काच नको वो. काचंला कोण इचारतंय? पत्रा असला तर सांगा."

वाटणी मामीनं केली. निळी बाटली तिच्याकडं राहिली, दुपारपर्यंत तिच्यात मनीप्लांटची फांदीही आली होती. गळा फुटलेली सोड्याची बाटली मामानं काढून घेतली. बाकीच्या दोन गोट्यांच्या मी घेतल्या, शिश्यांतल्या बऱ्याचशा घेतल्या. पट्टीची शिशी मी मामाला देऊ केली. त्यानं पट्टीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला, वरून खाली, एक एक करत.

"माझ्या आधी एक होता," तो म्हणाला. "दोन वर्षांचा. ने तू. हितं परत पाणी यायचं."

शिशी मी अंगावरच्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतली, बाकीचं खोकं सीटखाली. किणीच्या टोलनाक्यापाशी गाडी हळू झाली तशी खोक्यातून गोट्यांचा किणकिणाट सुरू झाला. कंडक्टर तिकिटांचं मशीन बंद करत माझ्यापाशी थांबला.

"काय हाय ओ त्यात?"

"बाटल्या."

त्याची नजर बदलली. "भरलेल्या?"

"नाही हो. रिकाम्या. जुन्या."

त्यानं वाकून खोक्याचं झाकण उचललं, एक बाटली अर्धवट वर काढली, कलती केली. गोटी घरंगळली आणि खळग्यात जाऊन बसली.

"आयला," तो म्हणाला. "सोड्याची." आणि पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला दाखवायला ती घेऊनच गेला.